गावात रोजच्या फोटोसाठी कोणता छोटा कॅमेरा? जी७ एक्स मार्क २ की एसएक्स७४०

पहिलेच सांगून देतो, गावात राहून घरचे, शेतातले, सणावाराचे फोटो काढायचे असतील तर मी कॅननचा पॉवरशॉट जी७ एक्स मार्क २ घ्या म्हणेन. ४० पट झूम ऐकून मन कॅननच्याच एसएक्स७४० एचएस कडे धावत असेल तर तोही कॅमेरा चांगलाच आहे, पण त्याचं काम वेगळं आहे, ते खाली सांगतो. जी७ एक्स माझ्याकडे आहे, एसएक्स७४० माझ्या मावसभावाकडे आहे, त्याचं गाव नवेगाव बांधकडे, आणि आम्ही दोघं एकमेकांचे कॅमेरे सर्रास वापरतो त्यामुळे दोन्ही हातात बसलेले आहेत. अर्जुनी मोरगाव, साकोली, लाखांदूर या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातले बरेच पोरं मला हाच प्रश्न विचारून राहिले म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

दोन्ही कॅमेरे कागदावर पाहिले तर माणूस एसएक्स७४० च घेईल. तो २०१८ चा, जी७ एक्स मार्क २ हा २०१६ चा. एसएक्स७४० मध्ये ४के व्हिडिओ आहे, जी७ एक्स मध्ये फुल एचडीच. एसएक्स७४० चा झूम २४ ते ९६० एमएम, जी७ एक्स चा २४ ते १०० एमएम, हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसते. दोघेही २० मेगापिक्सेलचे, वजन दोघांचंही ३०० ग्रॅमच्या आसपास, एसएक्स७४० २९९ आणि जी७ एक्स ३१९. मग माझ्यासारखा माणूस जुना, कमी झूमवाला, व्हिडिओत मागे असलेला कॅमेरा काऊन घ्या म्हणते? कारण दुकानदार जी गोष्ट सांगत नाही ती आत बसलेली आहे, सेन्सर, म्हणजे ज्याच्यावर फोटो उमटते ती चिप. जी७ एक्स चा सेन्सर एक इंची म्हणतात तो, म्हणजे १३.२ बाय ८.८ एमएम, आणि एसएक्स७४० चा १/२.३ इंची, साधारण ६.२ बाय ४.६ एमएम. गुणाकार करून पाहा, चौपट फरक आहे. त्यात लेन्स पण पाहा, जी७ एक्स ची एफ १.८ पासून सुरू होते आणि पूर्ण झूम केला तरी एफ २.८ वरच राहते, एसएक्स७४० ची सुरुवातच एफ ३.३ वर आणि झूम लांबवत गेला की एफ ६.९ पर्यंत अंधारत जाते. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येते, आणि १.८ ते ३.३ मध्ये उजेडाचा फरक तीनपटीच्या वर आहे.

आता हे आकडे घरात काय करतात ते सांगतो. आमच्याकडच्या घरात स्वयंपाकखोली म्हणजे मातीच्या भिंती, एक छोटी खिडकी, छपराच्या कवेलूच्या फटीतून येणारा उजेड आणि चूल. आजी चुलीपुढे बसलेली, निखाऱ्याचा लाल उजेड तिच्या गालावर आणि हातावर, बाकी सगळं काळपट. हा फोटो मला लय आवडते आणि हाच फोटो काढायला सगळ्यात अवघड. जी७ एक्स वर मी एफ १.८, शटर १/६० सेकंद, आयएसओ (उजेड वाढवून घ्यायचा आकडा, जास्त नेला की फोटो दाणेदार होते) ८०० असा काढतो, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतात, लुगड्याचा काठ दिसते, धूर पण दिसते. तोच फोटो तेवढ्याच शटरवर एसएक्स७४० ने काढायचा तर आयएसओ २७०० च्या आसपास न्यावा लागते, आणि त्या कॅमेऱ्याची हद्दच ३२०० आहे, म्हणजे एकदम कडेवर उभे आहात. फोटो येते, पण लहान सेन्सरवर तितका आयएसओ चढवला की दाणे दाबायला कॅमेरा चेहऱ्यावरून पोतेरं फिरवल्यासारखा सगळं गुळगुळीत करते, लुगड्याचा काठ गेला, सुरकुत्या गेल्या. शटर हळू करा म्हणाल तर आजी काही थांबून बसत नाही, भाकर उलटवायची असते तिला. फ्लॅश दोन्हीत आहे पण फ्लॅश मारला की निखाऱ्याचा लाल रंगच मरते, मग तो फोटो काढून फायदा काय.

गावातलं महत्त्वाचं बरंचसं सकाळी उजाडायच्या आधी, नाहीतर रात्री, नाहीतर घरात होते. मोहफूल वेचायला बाया पहाटेच निघतात, लग्नातली हळद रात्री लागते, भजन रात्री, बारसं घरात. आणि आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तर दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडईच्या रात्री नाटक, ते चालते थेट पहाटेपर्यंत. देसाईगंज वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, अख्खा पंचक्रोशीचा माणूस सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसलेला असते. ज्याला फोटोची आवड आहे त्याने झाडीपट्टीचं नाटक फोटोत धरलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण हे दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

नाटकात दोन अडचणी असतात. एक म्हणजे स्टेजवर झगझगीत लाइट आणि मागे काळाकुट्ट पडदा, कॅमेरा त्या काळ्याला पाहून फोटो उजळ करायला जाते आणि नटाचा चेहरा पांढरा पडते. जी७ एक्स वर मोडच्या चकतीखालीच एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी जास्त करायची दुसरी चकती आहे, ती अंधारात बोटानेच उणे एकवर फिरवायची, मेनूत जायची गरज नाही, चेहरा बरोबर येते. एसएक्स७४० वर पण करता येते, बटन दाबून स्क्रीनवर पाहून, तेवढ्यात नाटकाचा प्रवेश बदलून गेला असते. दुसरी अडचण माणूस हलते. खलनायक ओरडत पुढे आला, नटी लावणीला फिरली, तिथे १/१०० पेक्षा हळू शटर चालत नाही. जी७ एक्स चा १०० एमएम एफ २.८ ला, आयएसओ १६०० पर्यंत नेऊन मी मजेत काढतो. यासाठी पुढे बसावं लागते हे मान्य, मागून १०० एमएम मध्ये नट एवढासा दिसते. एसएक्स७४० मागून बसून नटीच्या नाकातली नथ पण जवळ आणून दाखवते, स्क्रीनवर पाहताना वाटते की काय भारी, पण फोटो काढला की हललेला. म्हणून नाटकाला जायचं तर जी७ एक्स घ्या, थोडं लवकर जा आणि पुढची जागा धरा.

एक बारीक गोष्ट, ट्यूब आणि एलईडीच्या उजेडात फोटोत पट्टे येतात त्याचं कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. व्हिडिओसाठी मेनूत जाऊन व्हिडिओची पद्धत एनटीएससी च्या जागी पाल करून ठेवा, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेमचे पर्याय येतात आणि फडफड कमी होते. हे दोन्ही कॅमेऱ्यात आहे.

आता एसएक्स७४० ची बाजू, कारण त्याच्यावर अन्याय नको. मावसभावाने तो घेतला सारससाठी. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्यातच, पलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट. माणसाइतका उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच, आणि तो पावसाळ्यात घरटं करते कुठे तर धानाच्या बांधीत, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला. त्याच्या घरट्याजवळ जायचं नाही म्हणजे नाही, जोडी अंड्यावरून उठली तर कावळे आणि कुत्रे टपूनच असतात. अशा वेळी जी७ एक्स चा १०० एमएम म्हणजे हिरव्या बांधीत दोन राखाडी ठिपके. एसएक्स७४० वाला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लांब उभा राहून, पक्ष्याला जराही न उठवता, लाल मान आणि डोळा पूर्ण फ्रेममध्ये आणते. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात ९६० एमएम ही खरंच मोठी गोष्ट आहे. ज्याला पाखरं पाहायची आहेत, मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, हिवाळ्यात बदकं येतात ती ओळखायची आहेत, त्याने डोळे झाकून हाच घ्यावा.

त्यात एक बटन आहे, फ्रेमिंग असिस्ट म्हणतात, ते कामाचं आहे. इतक्या झूमवर पक्षी जरा सरकला की हरवते आणि मग नुसतं आभाळ नाहीतर नुसतं धान दिसते, ते बटन दाबून धरलं की झूम मागे येते, पक्षी सापडते, स्क्रीनवर चौकट दिसते, त्या चौकटीत पक्षी घ्या आणि बटन सोडा, झूम परत होता तिथे जाते. सवय झाली की एकदम सोपं.

पण त्या झूमची मर्यादा पण ऐकून घ्या. ९६० एमएम वर एफ ६.९, म्हणजे पहाटे सारस चरायला उतरते तेव्हा उजेडच पुरत नाही, ऊन थोडं वर यावं लागते. आणि ऊन जास्त वर आलं की जमिनीतून झळा उठतात. उन्हाळ्यात, आणि धान कापल्यावर उघड्या पडलेल्या बांधीत पण, दहा वाजल्यानंतर लांबचा फोटो पाण्यातून पाहिल्यासारखा लिबलिबते. लोक समजतात कॅमेऱ्याचा फोकस बिघडला. फोकस ठीक असते, मधली हवाच हलत असते, त्यावर लाखाची लेन्स पण काही करू शकत नाही. म्हणजे लांब झूमसाठी चांगला वेळ सकाळचा कवळं ऊन असतानाचा, तेवढाच. हातात धरून काढताना कोपर पोटाला टेकवा, नाहीतर बाभळीच्या खोडाला टेका घ्या.

शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, पण एसएक्स७४० च वरचढ. दिवसाउजेडी असते, बैल सुसाट येतात, आपण दोरीच्या बाहेर लांब उभे असतो. मधल्या झूमवर, २०० ते ३०० एमएम, शटर १/१००० ठेवा आणि बटन दाबून धरा, तो फोकस करत करत सेकंदाला ७.४ फोटो काढते, फोकस एका जागी लॉक केला तर १०. जी७ एक्स फोकस धरत ५.४ आणि लॉक करून ८ काढते, तेही वाईट नाही, पण १०० एमएम मध्ये बैलजोडी पुढ्यात आल्यावरच मोठी दिसते आणि तेव्हा धूळ पण पुढ्यातच असते.

तान्ह्या पोळ्याला मात्र परत जी७ एक्स. पोट्टे लाकडी बैल सजवून रांगेत उभे असतात, त्यांच्या उंचीवर कॅमेरा नेला तरच फोटोत जीव येते. दोघांचाही स्क्रीन वर उघडते, १८० डिग्रीपर्यंत, कमरेखाली धरून वरून पाहून काढता येते. जी७ एक्स चा खाली पण ४५ डिग्री झुकते, त्यामुळे गर्दीत हात वर करून डोक्यावरून फोटो काढला तरी काय येते ते दिसते. एसएक्स७४० मध्ये हे नाही. शिवाय जी७ एक्स चा स्क्रीन टच आहे, ज्या पोट्ट्याच्या तोंडावर बोट ठेवलं त्याच्यावर फोकस. एसएक्स७४० ला टच नाहीच, २०१८ च्या कॅमेऱ्यात हे नसणं मला खटकते. एक मात्र आहे, घरात कोणाच्याही हाती द्यायचा असेल तर एसएक्स७४० सोपा. आमची मामी तो ऑटोवर ठेवून सगळ्या लग्नात फिरते.

आणखी एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, प्रिंटची. आपल्याकडे अजून ४ बाय ६ चा अल्बम चालते, आणि चालायलाच पाहिजे, कारण फोन बदलला की फोटो जातात, अल्बम कपाटात राहते. जी७ एक्स चा फोटो ३:२ मापाचा निघते, ४ बाय ६ च्या कागदावर पूर्ण बसते. एसएक्स७४० चा निघते ४:३, फोनसारखाच, तो त्या कागदावर छापला की वरून खालून कापला जाते. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच माणसाचा फेटा गेला, पुढे मांडी घालून बसलेल्याचे पाय गेले, असं होते. एसएक्स७४० वापरत असाल तर मेनूत फोटोचं माप आधीच ३:२ करून ठेवा, नाहीतर काढतानाच वर खाली जागा सोडा.

आता कोणी म्हणेल फोन असताना हे कशाला. फोन पाहिजेच, ई-पीक पाहणीचा फोटो ॲपमधूनच काढावा लागते, तिथे कॅमेरा काही कामाचा नाही. दिवसा उघड्यावर नुसतं व्हॉट्सॲपला टाकायचं असेल तर फोन बस झाला. पण फोनचा रात्रीचा मोड चारदोन फोटो एकावर एक चढवून चेहरा बनवते, हलत्या माणसाचा तो चेहरा खरा राहत नाही. आणि फोनवर फोटो काढता काढता फोन येते, मेसेज येते, बॅटरी उतरते. कॅमेरा हातात असला की माणूस फक्त पाहते. मला तर यासाठीच कॅमेरा पाहिजे. फोटो फोनवर घ्यायचे तर दोन्हीत वायफाय आहे, एसएक्स७४० मध्ये ब्लूटूथ पण आहे त्यामुळे जोडणी जरा लवकर होते, जी७ एक्स ला दरवेळी वायफाय निवडत बसावं लागते.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेला कच्चा फोटो, जी७ एक्स देते, एसएक्स७४० फक्त जेपेग, म्हणजे नेहमीचा तयार फोटो. ज्यांना कॉम्प्युटरवर फोटो सुधारायची आवड आहे त्यांच्यासाठी एवढ्यावरच निर्णय व्हावा. मोहफुलाच्या जवळच्या फोटोसाठी एसएक्स७४० एक सेंटीमीटरपर्यंत जाते, जी७ एक्स पाच सेंटीमीटर, पण जी७ एक्स मध्ये मागचं रान छान पुसट होते आणि फूल वेगळं उठून दिसते, एक सेंटीमीटरवर तर कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते.

आपल्याकडचं ऊन आणि धूळ या दोन्ही कॅमेऱ्यांचे वैरी आहेत. कंपनीच्या कागदावर वापराची हद्द ० ते ४० डिग्री लिहिली आहे आणि आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, गाडीच्या टाकीवरच्या बॅगेत तर मुळीच नको, ओल्या नाही पण जाड दुपट्ट्यात गुंडाळून झोल्यात ठेवा. दोघांनाही डोळ्याला लावायची खिडकी नाही, सगळं स्क्रीनवर, आणि भर उन्हात स्क्रीन दिसत नाही, तिथे तोच दुपट्टा डोक्यावरून पुढे ओढून सावली करायची आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवायचा.

धूळ जास्त वाईट. लेन्स आतबाहेर होते तेव्हा हवेसोबत धूळ पण आत ओढल्या जाते, आणि लेन्स काढता येत नाही म्हणून आतला सेन्सर घरी पुसताच येत नाही. धानाची मळणी चालू असताना, हार्वेस्टर फिरत असताना वारा ज्या बाजूने येते त्या बाजूला उभे राहा आणि काम झालं की लगेच बंद करा. एसएक्स७४० ची लेन्स जास्त लांब निघते, म्हणून त्याला जास्त जपायचं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसात घरभर ओल असते, लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, कॅमेरा त्यात ठेवा आणि अधूनमधून काढून वापरा. दोन्हीपैकी एकही वॉटरप्रूफ नाही, रोवणीचे फोटो काढायचे तर ओल्या हाताने धरू नका.

किंमत मी लिहीत नाही, रोज बदलते, आणि छोट्या कॅमेऱ्यांची मागणी वाढल्यापासून जुने मॉडेल पण महाग झाले. जी७ एक्स चा मार्क ३ पण आहे, २०१९ चा, त्यात ४के आहे आणि बाहेरचा माइक लागते, मार्क २ ला माइक लागत नाही. यूट्यूबचं काम असेल तर पैसे साठवून मार्क ३ घ्या, फोटोसाठी मार्क २ भरपूर आहे.

बरेच जण सेकंडहँड घेतील म्हणून तपासायचं कसं तेही सांगतो. फोनवर फोटो पाहून पैसे पाठवू नका, नागपूरला जा, हातात घ्या. चालू बंद करून लेन्सचा आवाज ऐका, करकर नको. स्क्रीन पूर्ण उघडून मिटवून पाहा, मधेच काळा होत असेल तर आतली वायरची पट्टी जात आली आहे, सोडून द्या. मग पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, जी७ एक्स असेल तर एफ ११ करून, आणि तो फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहा. राखाडी गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. एसएक्स७४० ला हीच तपासणी पूर्ण झूम करून पण करा, धूळ तिथे लवकर दिसते. फोनचा टॉर्च लेन्सवर तिरपा मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. बॅटरी काढून सपाट फरशीवर ठेवा आणि बोटाने फिरवा, भिंगरीसारखी फिरली तर फुगलेली आहे, ती कॅमेऱ्यात परत घालू पण नका.

बॅटरीचं शेवटचं, दोन्ही कॅमेरे एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने २६५ फोटो देतात, नाटकाच्या एका रात्रीला ते पुरत नाहीत. एक जास्तीची ओरिजिनल एनबी-१३एल घेऊनच ठेवा, आणि घरात दोन्ही कॅमेरे असतील तर एकाची दुसऱ्याला चालते, आम्ही मंडईच्या दिवसात हेच करतो.